पाऊस थांबला तरी रणगाडा का अडकतो: स्ट्रॅटेजी गेममधल्या हवामानाचा हिशोब

स्ट्रॅटेजी गेममध्ये ढगाचं चिन्ह जाऊन सूर्याचं चिन्ह आलं की बहुतेक खेळाडू लगेच चढाईचा हुकूम सोडतात. पुढच्या टर्नला, म्हणजे खेळीच्या पुढच्या फेरीला, रणगाडे एखादा षटकोन (नकाशावरचं एक घर) सरकून थांबतात, आणि मग गेमवर खापर फुटतं. गेमचं काही चुकलेलं नसतं. आकाशाची स्थिती आणि जमिनीची स्थिती या दोन वेगळ्या नोंदी असतात. पाऊस एका टर्नमध्ये थांबतो, चिखल मात्र सुकायला वेळ घेतो. १९९४ सालच्या 'पँझर जनरल'मध्येही हा भेद होता: हवामान निरभ्र, ढगाळ, पावसाळी किंवा बर्फाचं, आणि जमीन कोरडी, चिखलाची किंवा गोठलेली. त्यानंतरच्या बहुतेक युद्धखेळांनी हाच सांगाडा या ना त्या रूपात उचलला.

हवामान तुमच्या युनिटवर थेट घाव क्वचितच घालतं. ते जमिनीतून येतं, नजरेतून येतं आणि रसदीतून येतं. खेळाडूंचं लक्ष लढाईच्या खिडकीतल्या 'हल्ला उणे अमुक टक्के' या ओळीवर असतं, पण खरा तोटा बहुधा त्याआधीच झालेला असतो: निम्मी वाहनं मागे राहिलेली असतात, तोफांना लक्ष्य दिसत नसतं आणि टाकीत इंधन नसतं.

काही गेममध्ये हे लागू होत नाही, ते आधी बाजूला काढू. 'सिव्हिलायझेशन ६'च्या २०१९ सालच्या 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये हिमवादळ, वाळूचं वादळ किंवा पूर ही एक घटना असते. ती नकाशाच्या काही घरांवर येते, युनिटचं नुकसान करते, निघून जाते. तिथे डोकं एवढंच लावायचं की नदीकाठच्या सखल घरात जखमी युनिट ठेवू नये. 'अॅडव्हान्स वॉर्स'मध्ये हवामान सेनापतीचं हत्यार होतं. ओलाफ हा सेनापती स्वतःच बर्फ पाडतो आणि त्याच्या सैन्याला त्या बर्फाचा अडथळा होत नाही. हे दोन्ही मजेचे प्रकार आहेत, पण पुढचं विवेचन मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४', 'कॉम्बॅट मिशन', 'वॉर इन द ईस्ट', 'कंपनी ऑफ हिरोज २' अशा गेममध्ये हवामान वाहनाच्या वजनाशी, चाकांशी, इंजिनाशी जोडलेलं असतं.

चिखल

वाहन रुतेल की नाही हे फक्त वजनावर ठरत नाही. ते वजन किती क्षेत्रफळावर पसरलंय, म्हणजे जमिनीवर किती दाब पडतोय, यावर ठरतं. ढोबळ हिशोब सोपा आहे: एकूण वजन भागिले दोन्ही पट्ट्यांचं (चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी साखळ्यांचं) जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ. सुरुवातीचा सोव्हिएत टी-३४ रणगाडा सुमारे २६.५ टनांचा, पट्टा ५५ सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेली लांबी साधारण ३.७ मीटर. भागाकार येतो दर चौरस सेंटिमीटरला ०.६५ किलोच्या आसपास. जर्मन टायगर १ सुमारे ५७ टनांचा; त्याचा पट्टा ७२.५ सेंटिमीटर रुंद असूनही दाब १ किलोच्या थोडा वर जातो. पूर्ण सामान घेतलेला ९० किलोचा सैनिक चालताना एका पायावर येतो तेव्हा दाब ०.४५ च्या आसपास असतो. सगळ्यात वाईट गत चाकांच्या ट्रकची. रबरी टायरचा जमिनीवरचा दाब साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे रणगाड्याच्या कित्येक पट.

त्यामुळे गेममध्ये चिखल झाला की आधी ट्रक, मग चाकांच्या चिलखती गाड्या, मग अरुंद पट्ट्यांचे रणगाडे आणि शेवटी पायदळ अशा क्रमाने वेग पडताना दिसतो. डिझायनरने कोणाला उगाच झुकतं माप दिलेलं नसतं. जर्मन रणगाड्यांना पूर्व आघाडीसाठी रुंद केलेले पट्टे बसवले गेले आणि अमेरिकी शर्मन रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या कडांना जास्तीचे तुकडे जोडले गेले, ते याच भागाकारातला छेद वाढवण्यासाठी. १९४२ सालच्या डीयूकेडब्ल्यू या जलस्थलचर ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमीजास्त करता येत होती.

बहुतेक गेम एक गोष्ट दाखवत नाहीत, आणि ती माहीत असेल तर डाव चांगला आखता येतो. मऊ जमिनीवरून पहिलं वाहन जातं, दहावं अडकतं. प्रत्येक वाहन जमीन उकरून चाकोरी खोल करत जातं. अमेरिकी लष्कराच्या मोजमापात म्हणूनच प्रत्येक वाहनाला दोन आकडे दिलेले असतात: एकदाच जायचं असेल तर जमीन किती घट्ट हवी, आणि पन्नास वेळा जायचं असेल तर किती. दुसरा आकडा अर्थातच मोठा. ज्या गेममध्ये एका वाटेवर बरीच युनिटं गेली की वेग घटतो, तिथे हेच तत्त्व काम करत असतं. चिखलात सगळी फौज एकाच कच्च्या वाटेवर घालू नका. पक्का रस्ता रसदीच्या ट्रकना मोकळा ठेवा आणि पट्ट्यांची वाहनं शेतातून, एकमेकांच्या बाजूने न्या.

'कॉम्बॅट मिशन'मध्ये वाहन आधी रुततं, आणि मग एक तर सुटतं किंवा कायमचं अचल होतं. ओल्या जमिनीवरून जितकं जास्त अंतर काटाल तितक्या वेळा हा फासा पडतो. त्यामुळे 'थोडं लांबून, पण रस्त्याने' हा मार्ग जवळपास नेहमीच स्वस्त पडतो. ओढ्याकाठचा पट्टा, दलदल आणि नांगरलेलं शेत या तीन जागी अचल झालेला रणगाडा नेमका उघड्यावर असतो, हे शत्रूच्या रणगाडाविरोधी तोफेलाही ठाऊक असतं.

टर्नवर चालणाऱ्या गेममध्ये आणखी एक सापळा आहे, पूर्णांकाचा. समजा युनिटकडे ६ मूव्हमेंट पॉइंट (चालीचे गुण) आहेत आणि कोरड्या मैदानाच्या षटकोनाला २ लागतात: तीन षटकोन जाता येतं. चिखलात खर्च दुप्पट होऊन ४ झाला की युनिट एकच षटकोन जातं आणि २ पॉइंट वाया जातात. कागदावर वेग निम्मा झाला, प्रत्यक्षात एक तृतीयांश उरला. अशा वेळी ५ पॉइंटचं हळू युनिट आणि ६ पॉइंटचं वेगवान युनिट सारखंच अंतर जातं. म्हणून चिखलाच्या टर्नमध्ये वेगवान युनिट आघाडीवर उधळू नका, त्याला मागे विश्रांतीला आणि भरतीला ठेवा.

थंडी: आधी मदत, मग घात

ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या दिशेने निघालेली जर्मन फौज चिखलात अडकली. नोव्हेंबरच्या मध्यावर जमीन गोठली, रणगाडे पुन्हा चालू लागले आणि १५ नोव्हेंबरच्या सुमारास चढाई परत सुरू झाली. तीच थंडी उतरत गेली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, सोव्हिएत प्रतिहल्ला झाला तेव्हा, इंजिनं सुरू होईनात. पूर्व आघाडीवरचा जवळजवळ प्रत्येक गेम हा आलेख वापरतो. तो असा वाचायचा: शून्याच्या थोडं खाली वाहनांसाठी उत्तम, कारण चिखल दगडासारखा होतो आणि ओढे-नाले ओलांडता येतात. उणे २० च्या खाली वाहनं स्वतःच आजारी पडतात.

आजार नेमका कसला? लेड-ॲसिड बॅटरी उणे १८ अंशांच्या आसपास साधारण निम्माच जोर देते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं तेल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लागतो. तोफेच्या मागे सरकण्याच्या यंत्रणेतला द्रव जाड होतो, मशीनगनचं वंगण अडकतं. टायगरच्या एकमेकांवर चढलेल्या चाकांमुळे वजन छान पसरायचं, पण रात्री त्यांच्या फटीतला चिखल गोठला की सकाळी चाकं फिरत नसत. टी-३४ मध्ये बॅटरी कमी पडली तर दाबलेल्या हवेच्या बाटल्यांनी इंजिन सुरू करायची सोय होती. एका बाजूची वाहनं थंडीत जास्त मोडतात असं गेममध्ये दिसलं, तर त्यामागे अशा गोष्टी असतात. 'वॉर इन द ईस्ट'मध्ये पहिल्या हिवाळ्यात अक्ष राष्ट्रांच्या (जर्मनी आणि तिच्या साथीदारांच्या) फौजेवर खास कडक नियम लागतात. ते पाहून चिडण्यापेक्षा नोव्हेंबरअखेर खंदक खणून मागे सरकणं शहाणपणाचं.

'हार्ट्स ऑफ आयर्न ४'मध्ये थंडीचा आणि उष्णतेचा मारा मुख्यतः झिजेच्या रूपात येतो, म्हणजे न लढताही सामान कमी होत जातं. किती कमी होतं ते त्या वाहनाच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असतं. म्हणून रणगाड्याचं डिझाइन करताना तोफ आणि चिलखत वाढवून विश्वासार्हता पाडली, तर तो रणगाडा उन्हाळ्यात झकास दिसेल आणि जानेवारीत कारखान्याकडे हात पसरेल. देखभालीची कंपनी (दुरुस्ती करणारी लष्करी तुकडी) जोडणं हा स्वस्त उपाय आहे. फौज हळूहळू हवामानाला सरावते, पण थंडीचा सराव आणि उष्णतेचा सराव एकत्र टिकत नाहीत. वाळवंटातून थेट बर्फात आणलेल्या डिव्हिजन पहिल्याच दिवशी हल्ल्याला लावू नका.

गोठलेल्या नद्यांबद्दल थोडं गणित. बर्फाची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते: जाडी दुप्पट, तर भार चौपट. गोड्या पाण्याच्या स्वच्छ, अखंड बर्फासाठी ढोबळ सूत्र असं की सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून ४ ने गुणा, तेवढे किलो. ३० सेंटिमीटर बर्फ ३,६०० किलो पेलतो, म्हणजे हलका ट्रक. ३० टनांच्या रणगाड्याला जवळपास ८७ सेंटिमीटर लागतात. (खऱ्या तळ्यावर या सूत्राच्या भरवशावर गाडी घालू नका; भेगा, प्रवाह आणि दुधी बर्फ यांनी ताकद खूप घटते.) लडोगा सरोवरावरून वेढ्यातल्या लेनिनग्राडकडे ट्रकचा पहिला ताफा गेला २२ नोव्हेंबर १९४१ ला. बर्फ पातळ होता तेव्हा आधी घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, नंतर कमी माल भरलेले ट्रक, एकमेकांत अंतर ठेवून. 'कंपनी ऑफ हिरोज २'मध्ये स्फोटांनी नदीवरचा बर्फ फुटतो आणि वर उभा रणगाडा बुडतो. तिथला नियम सरळ आहे: बर्फ ओलांडताना एका वेळी एकच जड वाहन, आणि शत्रूच्या उखळी तोफा कुठे आहेत हे कळल्याशिवाय तेही नाही. याच गेममध्ये हिमवादळात पायदळ गारठून मरतं, म्हणून इमारत किंवा शेकोटी आधी बघायची, मोर्चा नंतर.

नजर कमी झाली की कोणाचा फायदा

धुकं आणि जोराचा पाऊस सगळ्यांनाच सारखे आंधळे करतात, पण त्याचा तोटा सारखा होत नाही. ज्याचं बळ लांबून मारण्यात आहे त्याचं बळ जातं. १५०० मीटरवरून भेदणारी तोफ ज्या रणगाड्यावर आहे, त्याला २०० मीटरच्या धुक्यात ती तोफ असूनही उपयोग नाही. तिथे जो आधी वळतो आणि आधी मारतो तो जिंकतो. सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्समधल्या अराकूरजवळ हेच झालं. सकाळच्या धुक्यात जर्मन पँथर रणगाड्यांचा लांब पल्ल्याचा वरचढपणा निघून गेला, आणि परिसर ओळखीचा असलेल्या अमेरिकी चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या शर्मननी त्यांना जवळून, बाजूने गाठलं.

गेममध्ये याचा अर्थ असा. तुमचे रणगाडे हलके, तोफा लहान असतील तर धुकं तुमचं आहे. चढाई धुक्यातच करा आणि प्रत्येक लढाई ३०० मीटरच्या आत न्या. तुमच्याकडे जड रणगाडे असतील तर धुक्यात पुढे जाऊ नका. ते थोडे मागे, पायदळाच्या पडद्याआड ठेवा. एकट्या रणगाड्याला धुक्यात सगळ्यात मोठा धोका रॉकेट घेतलेल्या पायदळाचा असतो, कारण त्याचा पल्ला मुळातच छोटा असल्याने त्याचं काहीच कमी होत नाही.

आधुनिक काळातल्या गेममध्ये उष्णतेवर चालणारी दुर्बीण सगळं पार करते असा समज असतो. धूर आणि हलकं धुकं ती बऱ्यापैकी पार करते, पण दाट धुकं, जोराचा पाऊस आणि धुळीचं वादळ यांत तिचाही पल्ला घटतो. शिवाय दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, वाहनाचं आणि आजूबाजूच्या जमिनीचं तापमान जवळपास सारखं होतं; तेव्हा बंद इंजिनाचं वाहन पार्श्वभूमीत मिसळून जातं. हे बारकावे फार थोडे गेम पकडतात.

तोफखान्याचं वेगळं आहे. गोळ्याला पाऊस फारसा अडवत नाही. थंड हवा दाट असते, शून्य अंशाला घनमीटरमागे सुमारे १.२९ किलो आणि ३५ अंशांना सुमारे १.१५, त्यामुळे थंडीत पल्ला थोडा कमी पडतो. पण दोन परिणाम त्याहून मोठे आहेत. निरीक्षकाला लक्ष्य दिसत नसेल तर मारा सुधारता येत नाही. धुक्याआधी काही ठिकाणं नेमून, नोंदवून ठेवली असतील तरच तोफा कामाच्या. दुसरं, आदळल्यावर फुटणारा गोळा खोल चिखलात किंवा जाड बर्फात आधी घुसतो आणि मग फुटतो, त्यामुळे कपच्या जमिनीतच अडकतात. गोठलेल्या कडक जमिनीवर उलट: कपच्या दूर उडतात आणि खंदक खणणंही अवघड होतं. दलदलीत तोफांचा मारा पोकळ वाटला तर दारूगोळा वाचवा, हवेत फुटणारा गोळा उपलब्ध असेल तर तो घ्या.

धुराचा पडदा टाकताना वारा बघा. पडदा लक्ष्यावर न टाकता वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकायचा, म्हणजे तो वाहत येऊन जागेवर पसरतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि धूर लवकर उचलला जातो. पहाटे तो जमिनीलगत टिकतो.

विमानांचं थोडक्यात: ढग खाली आले की ज्याची विमानं जास्त त्याचं नुकसान जास्त. बेल्जियममधल्या आर्डेन्सच्या जंगलातला जर्मन हल्ला १६ डिसेंबर १९४४ ला खराब हवेतच सुरू झाला, आणि २३ तारखेला आकाश मोकळं होताच दोस्त राष्ट्रांची विमानं तुटून पडली. गेममध्ये हवाई बळ कमी असेल तर तुमची चढाई ढगाळ टर्नवर बेतायची, पण ती किती टर्नमध्ये संपली पाहिजे हेही आधीच ठरवायचं. सातव्या दिवशी सूर्य उगवला आणि तुमचे ट्रक उघड्या रस्त्यावर रांगेत उभे असले, तर सगळी कमाई जाते.

वाळू आणि उष्णता यांचा भार इंजिनावर येतो: हवा गाळणारे फिल्टर तुंबतात, इंजिनाचं आयुष्य घटतं, आणि गरम विरळ हवेत हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. गेममध्ये हे बहुधा झिजेच्या एकाच आकड्यात गुंडाळलेलं असतं. पाण्यावरचं हवामान वाहनांच्या गेममध्ये क्वचितच येतं, पण येतं तेव्हा निर्दय असतं: ६ जून १९४४ ला नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर ७४१व्या टँक बटालियनचे समुद्रात सोडलेले २९ तरंगते शर्मन लाटांना तोंड देऊ शकले नाहीत, त्यातले २७ बुडाले. उतराईचा पर्याय असेल तर लाटांची नोंद पाहिल्याशिवाय रणगाडे पाण्यात सोडू नका.

रसद

समजा डेपो आघाडीपासून १२० किलोमीटरवर आहे. कोरड्या रस्त्यावर ट्रक ताशी २५ किलोमीटरने जातो: येऊन-जाऊन २४० किलोमीटर, म्हणजे साडेनऊ तासांच्या आसपास, अधिक माल चढवायला-उतरवायला अडीच तास. बारा तासांत एक फेरी, आलटून-पालटून चालक असले तर दिवसाला दोन. चिखलात वेग ताशी ८ वर आला की नुसता प्रवासच ३० तासांचा. दिवसाला पाऊण फेरीही होत नाही. म्हणजे तेच ट्रक, तेच चालक, आणि माल पूर्वीच्या जेमतेम ३७ टक्के. त्यातही ट्रक स्वतः जास्त इंधन पितात, काही वाटेत मोडतात. आघाडीवरचे रणगाडेही दर किलोमीटरला जास्त पितात, आणि थंडीत सकाळी सुरू व्हावीत म्हणून रात्रभर चालू ठेवलेली इंजिनं जागेवर उभी राहून इंधन जाळतात.

म्हणून चिखलाच्या मोसमाआधी करायचं काम रणगाड्यांचं नसून डेपोचं असतं. रेल्वेचं टोक जमेल तितकं पुढे न्या, कारण रुळांना चिखलाचा फारसा फरक पडत नाही. १२० किलोमीटरचं अंतर ६० वर आलं तर चिखलातही प्रवास १५ तासांवर येतो आणि दिवसाला सव्वा-दीड फेऱ्या होतात. रेल्वेला मात्र थंडी लागते: १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन वाफेच्या इंजिनांच्या बाहेरून नेलेल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटल्या. चिखल संपून कडक थंडी सुरू होताना रसद सुधारेल असं गृहीत धरू नका, तो आकडा दर टर्नला पाहा.

टक्के कसे मोजले जातात

एकाच लढाईत चिखल उणे ४०, रात्र उणे ३० आणि नदी उणे ३० टक्के असे तीन दंड लागले तर काय उरतं? गेम टक्के नुसते बेरजेने मोजत असेल तर १०० टक्के गेले, हल्ला शून्य. एकापुढे एक गुणत असेल तर ०.६ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे २९ टक्के उरतात. पहिल्या पद्धतीत तिसरा दंड जीवघेणा आहे. दुसऱ्या पद्धतीत तो सोसवतो, कारण आधीच घटलेल्या आकड्यातून कापला जातो. काही गेम तळाची मर्यादाही ठेवतात, त्याखाली दंड लागतच नाही. मग अतिशय वाईट हवेत हल्ला करणं वाईट हवेतल्या हल्ल्याइतकंच महाग पडतं.

तुमचा गेम कोणती पद्धत वापरतो हे शोधायला अर्धा तास पुरतो. कोरड्या दिवशीचा गेम सेव्ह करा. एकच युनिट, एकच लक्ष्य घेऊन अंदाजाच्या टूलटिपमधला (माउस नेल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीतला) आकडा लिहून ठेवा. मग फक्त एक गोष्ट बदला, आधी चिखल, नंतर चिखल आणि नदी दोन्ही, आणि प्रत्येक वेळी आकडा नोंदवा. दोन दंडांचा एकत्र परिणाम साध्या बेरजेइतका आला तर बेरीज, त्याहून कमी आला तर गुणाकार. त्याच सेव्हवर चाकांचं एक आणि पट्ट्यांचं एक युनिट सारख्याच वाटेने चालवून बघा. दोघांचा वेग सारखाच पडत असेल, तर या गेमने वाहनांत फरक केलेलाच नाही आणि वरचा दाबाचा भागाकार इथे निरुपयोगी आहे. शेवटी पाऊस थांबल्यापासून जमिनीची नोंद 'कोरडी' व्हायला किती टर्न लागतात ते मोजा. एवढा एक आकडा हाताशी असला की चढाईची तारीख मागे मोजत ठरवता येते: जमीन सुकण्याचा टर्न, त्याआधी एक टर्न डेपो भरायला आणि एक टर्न रणगाडे रस्त्याने पुढे आणायला.